मजुरांचं रक्त गेटवर तपासून नक्की काय साधतं?

मांडवीकाठची | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विषय जरा रूक्ष आहे, पण जाणकारांनी आणि बिनजाणकारांनीही लिहावं.

आमची सोसायटी पर्वरीत. दोन इमारतींची गळती काढून बाहेरून प्लॅस्टर आणि रंग असं मोठं काम सुरू होतंय. शिवाय कंपाउंडला लागून एक नवी इमारत उभी राहतेय. मजूर ओडिशा, झारखंड, छत्तीसगडचे आणि थोडे रायचूरकडचे. गेल्या पावसाळ्यात आमच्या बी विंगमध्ये तिघांना मलेरिया झाला, तिघांनाही व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार). तेव्हापासून दुसरा विषय नाही. परवाच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला, "ताजा रक्ततपासणी अहवाल दाखवल्याशिवाय एकाही मजुराला आत घेऊ नये." टाळ्या वाजल्या. मी सेक्रेटरी, म्हणून नियमावली लिहिणं माझ्या गळ्यात.

गोव्यात बांधकामावरच्या परप्रांतीय मजुरांना आरोग्य कार्ड काढावंच लागतं आणि त्यासाठी मलेरियाचं रक्त तपासतात, हे ठाऊक आहे. पण समितीतल्या एकांनी त्यावर आणखी यादी दिली: हत्तीरोग, काळा आजार, शौचाची तपासणी आणि एचआयव्ही (!). एचआयव्ही मी तिथल्या तिथे खोडलं. बाकीच्यांवर काय बोलावं ते सुचेना.

ताप नसलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या माणसाचं रक्त तपासून काही सापडतं का? सापडलं तर पुढे काय करायचं? मे महिन्यात आमच्यातली निम्मी कुटुंबं कुठे कुठे फिरून आली, त्यांचं रक्त कोणी मागितलं नाही, हेही मनात खटकतंय.

बाबल्या मालवणी | शनिवार, रात्री ९:५८

टाळयो वाजल्यो तेव्हा मधे सापडान चार डास मेले असतीत तर ठरावाचो तेवढोच उपयोग झालो. (हलके घ्या.)

काँक्रीटवाला | शनिवार, रात्री १०:३१

आधी गोवा, आता ठाणे, अशा साइटवर आयुष्य गेलंय, म्हणून लिहितो.

कार्ड हा कागद म्हणून चांगला आहे. पण मजूर एका साइटवर टिकत नाही. मुकादम टोळी घेऊन मडगावला उतरतो, आठ दिवसांत त्यातले चार दुसऱ्या मुकादमाकडे जातात, दोघं गावी परततात, त्यांच्या जागी चुलतभाऊ येतो. हजेरीपटावर नाव जुनंच राहतं. गेटवरचा वॉचमन कार्डावरचा फोटो पाहतो की नुसतं कार्ड पाहतो, हे तुम्ही स्वतः एकदा सकाळी उभं राहून बघा.

दुसरं, रक्त द्यायला गेलं की अर्धा रोज बुडतो. रोजंदारीवरचा माणूस ताप आला तरी सांगत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन गोळ्या घेतो आणि सेंट्रिंगवर चढतो. "रिपोर्ट नाही तर प्रवेश नाही" म्हटलं की तो ताप आणखी लपवेल. तुमच्या ठरावात मला सगळ्यात जास्त धोका इथेच दिसतो.

तिसरं, पाण्याचं काय ते विचारलं का कोणी? काँक्रीट ओलं ठेवायला (क्यूरिंग) स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवतात, लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी महिनोन्‌महिने साचतं, पाण्याचे ड्रम उघडे. आणि तुमच्या स्वतःच्या गच्चीवरच्या टाक्यांना झाकणं आहेत का हो?

स्पष्टवक्ता | शनिवार, रात्री १०:५०

वा. म्हणजे दोष शेवटी सोसायटीचाच. अहो, आखाती देश प्रत्येक कामगाराचं रक्त तपासतात, श्रीलंकाही व्हिसाच्या वेळी तपासतो. तिथे कोणाला काही खटकत नाही. चोर कुलूप तोडू शकतो म्हणून कुलूप लावायचंच नाही का? ठराव योग्य आहे, यादी थोडी कमी करा आणि लागू करा.

वैनगंगा | शनिवार, रात्री ११:४५

मी हिवताप विभागात होतो, बरीच वर्षं गडचिरोलीकडे. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे, सापडतं.

जिथे मलेरिया बारमाही असते तिथल्या मोठ्या माणसाचं शरीर तिच्याशी जुळवून घेते. रक्तात परजीवी असतात, पण थोडे. ताप नाही, थंडी नाही, माणूस दिवसभर काम करते. २०२० मध्ये बस्तरला 'मलेरियामुक्त बस्तर' मोहीम सुरू झाली, तिथं ताप असो नसो, घरातल्या प्रत्येकाचं रक्त तपासलं. पॉझिटिव्ह निघालेल्यांमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना काहीच त्रास नव्हता. ओडिशानं २०१७ पासून 'दमन' नावाखाली दुर्गम गावांत असंच केलं आणि तिथली मलेरिया खूप खाली आली. तर ताप आल्यावरच तपासायचं, ही जुनी पद्धत अशा भागात अपुरी पडते.

पण तिथलं यश गेटवर आणता येत नाही न भाऊ. तिथं गावच्या गाव एकाच वेळी तपासलं, पॉझिटिव्ह निघाला त्याला तिथंच औषध, आशाताईसमोर पहिला डोस, सोबत मच्छरदाण्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा सगळ्यांची फेरी. एका माणसाची एकदा काचपट्टी (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात ती) काढली, तर तिचा अर्थ तेवढ्या सकाळपुरता असते.

आता किटबद्दल. बोटातून थेंब घेऊन जी पट्टी वापरतात ती रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण शंभर-दोनशे परजीवी असले तर रेघ दाखवते. त्याखाली असले तर निगेटिव्ह. न दिसणाऱ्या संसर्गात ते बऱ्याचदा त्याखाली असतात. उलटंही होते. फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, ओळखायचं जे प्रथिन ती पट्टी पकडते, ते औषध घेऊन बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणजे इमानदारीनं गोळ्या पूर्ण केलेला पोरगा तुमच्या गेटवर पॉझिटिव्ह दिसणार आणि परत जाणार.

आणि व्हायवॅक्स, जी तुमच्या बी विंगमध्ये झाली, तिचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. तिथं असताना रक्तात काहीच नसते. काचपट्टी, किट, पीसीआर, काहीही लावा, दिसत नाही. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी ते उठतात आणि माणसाला नव्या डासाविना पुन्हा ताप येते. आज स्वच्छ अहवाल घेऊन आत आलेला माणूस पुढच्या महिन्यात तापानं फणफणू शकते, आणि त्यात त्यानं काही लपवलं नसते.

जुनी पानं | रविवार, सकाळी ७:१५

डॉक्टरसाहेबांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

थोडा इतिहास. गोव्यात मलेरिया बराच काळ नगण्य होता. १९८६ मध्ये पणजीत स्थानिक लागण सुरू झाली आणि मग किनाऱ्यावरच्या गावांत, मडगावात पसरली. बांधकामांचा काळ होता तो, आणि डास अॅनोफिलीस स्टीफेन्सी. हा शहरी डास, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढणारा. डबकी-गटारांपेक्षा टाकी, विहीर, स्लॅबवरचं पाणी त्याला प्रिय. पणजीत नुसते मजूर आले असते आणि पाणी साठलं नसतं तर साथ आली नसती. नुसतं पाणी साठलं असतं आणि परजीवी आला नसता तरीही नाही. दोन्ही एकाच साइटवर भेटले.

मुंबईत याच डासानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उच्छाद मांडला होता. बंदराची प्रचंड बांधकामं चालू होती, मजुरांचे लोंढे येत होते. डॉ. बेंटली यांनी चौकशी केली आणि १९११ मध्ये अहवाल दिला. त्यांनी बोट ठेवलं ते घराघरांतल्या विहिरींवर. विहिरी बुजवा किंवा बंद करा म्हटल्यावर गदारोळ झाला, कारण विहीर ही धर्माचीही बाब. मग काही विहिरींना जाळी आणि झडप बसवून तडजोड झाली. मजुराला हाकलणं सोपं होतं, प्रतिष्ठित घरमालकाची विहीर झाकणं अवघड. एक शतक उलटलं, फक्त विहिरीच्या जागी सिंटेक्स आली.

रानवारा | रविवार, सकाळी ८:०२

+१. शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा.

हमीद_रत्नागिरी_कुवेत | रविवार, सकाळी ९:२०

स्पष्टवक्ता साहेब, आखातात कोणाला खटकत नाही असं लिहिलंत म्हणून राहवलं नाही.

मी कोकणातला, आमच्या गावची अर्धी घरं आखातावर चालतात. जाण्याआधी मुंबईला मेडिकल करावं लागतं. छातीचा एक्स-रे, कावीळ, एचआयव्ही, शौच, आणि मलेरिया-मायक्रोफायलेरियासाठी (हत्तीरोगाचे बारीक कृमी) रक्त. सकाळपासून उपाशी रांग. संध्याकाळी कागदावर एकच शब्द येतो, 'फिट' किंवा 'अनफिट'. माझ्या आत्येभावाच्या कागदावर 'अनफिट' आलं. काय निघालं, औषध काय, कुणाला दाखवायचं, कोणी सांगितलं नाही. एजंटनं पैसे कापले आणि मामला संपला. त्यानं गावी येऊन स्वतःच्या खर्चानं तपासलं तेव्हा पोटात जंत निघाले. गोळ्या घेतल्या, पुढच्या वर्षी गेला.

ज्याचं रक्त घेता त्याला औषध देणार आहात की फक्त परत पाठवणार आहात, एवढंच सांगा. आम्ही पण कुठेतरी परप्रांतीय मजूर आहोत.

वैनगंगा | रविवार, सकाळी १०:०५

हमीदभाई, लाख बोललात. त्यात अजून एक गंमत. हत्तीरोगाचे मायक्रोफायलेरिया आपल्याकडे रात्री रक्तात उतरतात, दिवसा फुप्फुसाच्या खोल रक्तवाहिन्यांत लपून बसतात. म्हणून आमचे कर्मचारी रात्री साडेआठ-नऊनंतर, लोक जेवून झोपायच्या बेतात असताना, घरोघरी काचपट्ट्या घेत फिरायचे. कुत्री मागे लागायची, लोक शिव्या घालायचे. सकाळी अकराला घेतलेल्या काचपट्टीत हत्तीरोग न दिसणं म्हणजे हत्तीरोग नाही असं नव्हे. आता दिवसा चालणारी प्रतिजन-पट्टी निघाली आहे, पण ती गल्लीतल्या लॅबमध्ये मिळत नाही.

ताईंच्या यादीतलं बाकीचं पण सांगून टाकतो.

काळा आजार: वाळूमाशीमुळे पसरते. त्याची आर-के-३९ किट त्या भागातल्या, दोन आठवड्यांहून जास्त ताप आणि प्लीहा वाढलेल्या माणसासाठी आहे. जुना बरा झालेला माणूसही त्यावर वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येते. धडधाकट माणसाला लावायची चीज नाही ती. खोडा.

शौच तपासणी: जंताची अंडी बाहेर पडल्याबरोबर दुसऱ्याला लागत नाहीत, मातीत दोन-तीन आठवडे पिकावी लागतात. तेव्हा मजूर गेटमधून आत आला म्हणून तुमच्या नातवाला जंत होणार नाही. मजुरांना शौचाला जागा नसेल आणि ते मागच्या मोकळ्या प्लॉटवर जात असतील तर मात्र होऊ शकते. तिथं लॅबचा काय उपयोग, संडास बांधून द्या.

स्पष्टवक्ता | रविवार, सकाळी १०:४०

मुद्दे पटले, पण सगळे मिळून "तपासूच नका" कडे नेताय. डॉक्टर, तुम्हीच म्हणालात सापडतं. मग बी विंगमधल्या तिघांना कोणाकडून झाला? ते तिघं तर बस्तरला गेले नव्हते! बाहेरून आलेल्या लोकांनीच आणला हे बोलायला एवढं अवघड का जातंय सगळ्यांना?

रानवारा | रविवार, सकाळी १०:५२

कारण तुम्हाला ते माहीत नाही. तिघांपैकी कोणी मे महिन्यात मुंबईला, मंगळुरूला, गावाला गेलं होतं का? गेल्या वर्षीचा अर्धवट उपचार झालेला मलेरिया कोणाच्या यकृतात झोपला होता का? आणि मजुराला तुमच्याच शेजारच्या लिफ्टच्या खड्ड्यातला डास चावला असेल तर? तो बिचारा आपल्याकडून मलेरिया घेऊन झारखंडला जाईल आणि तिकडे म्हणतील, गोव्याहून आणला.

स्पष्टवक्ता | रविवार, सकाळी १०:५५

शक्यता काय, काहीही असू शकते. चंद्रावरूनही आला असेल.

बाबल्या मालवणी | रविवार, सकाळी ११:०१

चंद्रावर पाणी सापडला असा म्हणतत. झाकण घाला कोणीतरी.

डेट्रॉइटची मावशी | रविवार, रात्री ८:१०

इकडे सकाळ झाली, आता लिहिते. मी नर्स आहे, निर्वासितांच्या दवाखान्यात. काँगो, ब्रह्मदेश, पूर्व आफ्रिकेतून आलेली कुटुंबं पहिल्या काही आठवड्यांत आमच्याकडे येतात.

इथे या प्रश्नावर वेगळा विचार झालाय. आतड्यातल्या जंतांसाठी प्रत्येकाला तपासत बसण्यापेक्षा अल्बेंडाझोल सरसकट द्यावं, तेच स्वस्त पडतं आणि जीवही जास्त वाचतात, असा हिशेब १९९९ मध्ये मांडला गेला. त्याच वर्षापासून आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या निर्वासितांना विमानात बसायच्या आधीच ती गोळी द्यायला लागले. सहाराच्या दक्षिणेकडून येणाऱ्यांना मलेरियाचंही औषध निघण्यापूर्वी देतात, कारण ताप नसलेल्यांमध्ये संसर्ग असतो आणि तपासणी तो चुकवते, जे वैनगंगा डॉक्टर सांगताहेत तेच. आपल्याकडे शाळांत जंतनाशक दिनाला गोळी देतात, त्यातही आधी कोणाची शौच तपासणी नसते.

पण सरसकट गोळीलाही अपवाद आहेत. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा कृमी आहे, तो रक्तात खूप असताना आयव्हरमेक्टिन हे कृमींवरचं औषध दिलं तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो. म्हणून तिकडून आलेल्यांना आधी तपासतात, मग ते औषध.

मला सगळ्यात भीती वाटते ती स्ट्राँगिलॉइडिस या कृमीची. तो माणसाच्या आतच पुन्हा पुन्हा स्वतःचा संसर्ग करत राहतो, त्यामुळे मूळ गाव सोडून तीस-चाळीस वर्षं झाली तरी जिवंत असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो कित्येक दशकांनी सापडला. एरवी थोडी खाज, थोडी पोटदुखी, बस. पण दम्यासाठी, सांध्यांसाठी किंवा कोविडमध्ये दिलं तसं स्टेरॉइड दिलं की तो अंगभर पसरतो आणि माणूस दगावू शकतो. साध्या शौच तपासणीत तो बहुधा दिसत नाही, रक्तातली प्रतिपिंडं बघावी लागतात. तिथे तपासणीचा फायदा शंभर टक्के त्या माणसालाच होतो, शेजाऱ्याला काही नाही.

आणि स्पष्टवक्ता, तुमच्या बाजूचंही एक उदाहरण देते, नाहीतर म्हणाल सगळे एकीकडे. १९९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू वस्तीत काही जणांना अचानक झटके येऊ लागले. मेंदूत डुकराच्या टेपवर्मच्या गाठी! ही माणसं डुकराचं मांस आयुष्यात न खाणारी. माग काढला तेव्हा तो लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, घरकाम-स्वयंपाक करणाऱ्यांपर्यंत गेला. टेपवर्मची अंडी ताजीच लागण करतात, मातीत पिकावी लागत नाहीत. तिथे काम करणाऱ्यांची तपासणी आणि उपचार हाच शहाणपणा होता.

अवांतर: या देशात आल्यावर मी हौसेनं रक्तदानाला गेले. कुठून आलात? भारत, पुणे. मग तीन वर्षं थांबा, मलेरियाच्या देशातून आला आहात. माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पुण्याला असं बोललेलं त्याला सहन होत नाही.

कोथरूडकर | रविवार, रात्री ८:२५

पुण्याला मलेरियाचा देश म्हणणाऱ्यांचा निषेध. आमच्याकडचे डास दुपारी १ ते ४ चावत नाहीत.

काँक्रीटवाला | रविवार, रात्री ८:४०

मावशी, टेपवर्मवरून आठवलं. साइटवर जो जेवण करतो त्याची तपासणी करावी का? आमच्याकडे टोळीतलाच एक जण चाळीस जणांचं रांधतो.

डेट्रॉइटची मावशी | रविवार, रात्री ९:०२

करा, पण त्याआधी साबण आणि वाहतं पाणी द्या. ते नसेल तर आज निगेटिव्ह असलेल्याचा महिन्यानं काय भरवसा?

संपादक मंडळ | रविवार, रात्री ९:३०

धाग्यावर परप्रांतीय विरुद्ध स्थानिक अशी जुनीच लढाई जुंपू पाहणारे काही प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. चर्चा आजार आणि तपासणी यांवर राहू द्या.

स्पष्टवक्ता | रविवार, रात्री ९:४१

माझा एकही उडालेला नाही, याची नोंद घ्यावी.

मावशींचं उदाहरण आवडलं. वैनगंगा, एक विचारतो, वाद घालायला नाही. श्रीलंकेनं मलेरिया संपवला, मग ते तपासतात ते मूर्खपणानं का?

वैनगंगा | रविवार, रात्री १०:५०

चांगला प्रश्न आहे. मूर्खपणानं बिलकुल नाही.

श्रीलंकेत शेवटची स्थानिक लागण २०१२ मध्ये झाली आणि २०१६ मध्ये त्यांना मलेरियामुक्त प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर देशात दिसणारा जवळपास प्रत्येक रुग्ण बाहेरून आलेला. २०१८ च्या शेवटी तिथल्या एका स्थानिक माणसाला व्हायवॅक्स झाला, आणि माग काढला तर तो आपल्या भारतातून कामाला गेलेल्या एका मजुराकडून डासामार्फत आलेला. पण त्या एका रुग्णावर त्यांनी काय केलं ते पाहा. उपचार, आसपासच्या सगळ्यांचं रक्त, डासांच्या अळ्यांचा शोध, फवारणी. तिथंच थांबवलं. चीननं पण असंच बसवलं, १-३-७ म्हणतात: एका दिवसात नोंद, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या जागेचा बंदोबस्त. २०१३ मध्ये त्यांच्या ग्वांग्शी प्रांतातले शेकडो लोक घानाच्या सोन्याच्या खाणींतून मलेरिया घेऊन परतले होते. ते तर त्यांचेच नागरिक, गेट कोणतं लावणार? २०२१ मध्ये चीनही मलेरियामुक्त झाला.

म्हणजे तपासणी ही साखळीतली एक कडी आहे. बाकीच्या कड्या नसल्या तर ती एकटी फक्त रजिस्टर भरते.

आता व्हायवॅक्स निघालाच तर काय, तेही सांगतो, कारण सगळे इथंच हात झटकतात. क्लोरोक्विन तीन दिवस, त्यानं ताप उतरते. पण यकृतात झोपलेले मारायला प्रायमाक्विन लागते, आणि ते चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप गेला की चौथ्या दिवशी गोळ्या कोण घेते? मजूर सोडा, आमचे मास्तर, तलाठी पण घेत नव्हते. त्यात काही लोकांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटतात. लघवी काळपट चहासारखी झाली की गोळी ताबडतोब बंद आणि दवाखाना. गरोदर बाईला ही गोळी द्यायचीच नाही. हे सगळं त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणारं कोणी पाहिजे. काचपट्टी काढणं पाच मिनिटांचं काम, चौदा दिवस त्याच्या मागं राहणं हे खरं काम. तो मधेच साइट बदलून गेला तर त्याच्या हातात कागद पाहिजे, कितवी गोळी झाली लिहिलेला.

रानवारा | सोमवार, सकाळी ७:४५

हे आपल्या सोसायटीतल्या तिघांनी तरी पूर्ण केलं होतं का, मांडवीकाठची?

मांडवीकाठची | सोमवार, दुपारी १:१०

रानवारा, विचारलं. एकांनी पूर्ण केलं. एकांना डॉक्टरांनी प्रायमाक्विन लिहून दिलं होतं, "पित्त होत होतं" म्हणून सोडलं. तिसऱ्यांना आठवत नाही. म्हणजे यंदा बी विंगमध्ये ताप निघाला तर तो आत बसूनच उठलेला असू शकतो. हे समितीत सांगितलं तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललं नाही आणि मग चहा आला.

काँक्रीटवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर: अकरापैकी चार टाक्यांची झाकणं नाहीत किंवा फुटलेली आहेत. एकात अळ्या होत्या. त्या डासांच्या की आणखी कशाच्या ते मला ओळखता येत नाही, पण मी फोटो समितीच्या ग्रुपवर टाकला, आणि आजवर इतक्या वेगानं झाकणांचं कोटेशन कधी आलं नव्हतं.

आता मसुदा असा आहे. गेटवर अहवाल दाखवायची अट काढली. त्याऐवजी ठेकेदारानं सरकारी कार्ड प्रत्येकाचं काढायचं, आणि त्या दिवसाचा रोज कापायचा नाही. ताप आलेल्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं, त्याचाही रोज कापायचा नाही. तापाची बातमी देणाऱ्याला कामावरून काढायचं नाही. पॉझिटिव्ह निघाला तर औषध पूर्ण होईपर्यंत मच्छरदाणी आणि कार्डावर गोळ्यांची नोंद, ती नोंद ठेवायला आमच्या ए विंगमधल्या निवृत्त परिचारिका तयार आहेत, त्यांना हिंदी आणि कानडी येतं. आठवड्यातून एक दिवस सगळी साठवणी रिकामी. लिफ्टचा खड्डा रोज उपसायचा. दोन संडास. काळा आजार आणि शौच तपासणी खोडली.

काल रात्री ठेकेदाराशी बोलणं झालं. संडास मान्य, पाणी मान्य, मच्छरदाण्या मान्य. रोजाचं मान्य नाही. म्हणतो, "मॅडम, एकदा भरपगारी ताप सुरू केला की सोमवारी सगळ्यांनाच ताप येईल."

स्पष्टवक्ता | सोमवार, दुपारी १:३५

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण रोजाचे पैसे सोसायटीनं द्यावेत असं मी सुचवतो. ताप आहे की नाही ते थर्मामीटर आणि काचपट्टी सांगेल. तीन कुटुंबांच्या औषधपाण्याला आणि सुट्ट्यांना गेला तेवढा खर्च नक्की होणार नाही.

रानवारा | सोमवार, दुपारी १:४०

स्पष्टवक्त्यांशी सहमत. (कॅलेंडरवर खूण केली.)

काँक्रीटवाला | सोमवार, दुपारी २:२२

ठेकेदाराला सांगा, आमच्या एका साइटवर हे केलं होतं. सोमवारचा ताप आला नाही. आला तो मुकादमाला, कारण गोळ्यांच्या नोंदीसाठी त्याला प्रत्येकाचं खरं नाव लिहावं लागलं आणि हजेरीपटावरची सहा खोटी नावं उघडी पडली. आणि स्लॅबवरच्या आळ्यातलं पाणी दर सात दिवसांच्या आत एकदा पूर्ण सोडून मग नव्यानं भरा. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. क्यूरिंगला काही बिघडत नाही.

हमीद_रत्नागिरी_कुवेत | सोमवार, दुपारी ३:००

कागद मजुराच्या हातात द्या, ठेकेदाराच्या फायलीत नको. आणि काय निघालं ते त्याला सांगा.

मांडवीकाठची | सोमवार, दुपारी ३:२०

नोंद केली, हमीदभाई. डॉक्टर, एक राहिलं. प्रायमाक्विन सुरू करण्याआधी ती जी-सिक्स-पीडी तपासणी प्रत्येकाची करावी का? इथल्या खासगी लॅबमध्ये होते म्हणतात, पण अहवालाला वेळ लागतो.

वैनगंगा | सोमवार, सायंकाळी ६:१५

होत असेल तर जरूर करा, पण ताजा ताप असताना केलेल्या तपासणीत कमतरता लपू शकते, कारण जुन्या पेशी फुटून नव्या आलेल्या असतात. अहवाल येईपर्यंत क्लोरोक्विन थांबवू नका. आणि अहवाल काहीही येवो, लघवीच्या रंगाचं प्रत्येकाला सांगा. एकदाच घ्यायची नवी गोळी पण आहे, टाफेनोक्विन, पण ती मोजून केलेल्या जी-सिक्स-पीडी तपासणीशिवाय कुणी देऊ नये. आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणतील तसं करा, इथं वाचून नको.

बाबल्या मालवणी | सोमवार, सायंकाळी ६:४०

सगळा वाचलंय. आमच्या वाडीतली टाकी बघूक चढलंय, झाकण होता पण त्याच्यार माकडां बसान फोडल्यानी. माकडांका आरोग्य कार्ड खय मिळता?